सुनंदाताईंची विरजणाची बाटली

सुनंदाताई आमच्या प्रयोगशाळेत माश्यांचा स्वयंपाक करायच्या. फळमाश्यांचा. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्टपणासाठी अगार शिजवून बाटल्यांत ओतायचं, कापसाचे बोळे लावायचे, दर पंधरवड्याला माश्या ताज्या बाटलीत हलवायच्या. मूळच्या सांगलीच्या, यजमान टपाल खात्यात, बदलीवर चंदीगडला आलेले. पीठ कालवताना गुठळी दिसली की त्या अशा कळवळायच्या, जणू जेवायला व्याहीच येणार आहेत. मला हसू यायचं, कधीकधी रागही.

राग यायचं कारण म्हणजे माश्यांच्या प्रत्येक वाणाची एक जादा बाटली त्या डब्याच्या पिशवीतून घरी न्यायच्या. एकदा मी पकडलं.

"ताई, माश्या बाहेर न्यायच्या नाहीत, हा नियम आहे."

"अगं विनया, विरजण कुणी सगळं संपवतं का? चमचाभर बाजूला ठेवायचंच."

"हे दही नाही!"

"बरं," म्हणाल्या. बरं म्हणजे ऐकलं, असं मी समजले.

अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा होता, पंजाब धुमसत होता. कुठं काही झालं की शहर बंद व्हायचं. माझ्या पीएचडीचं पाचवं वर्ष चालू होतं आणि ती सगळी एका वाणावर उभी होती. त्यातल्या माश्या म्हातारपणी थरथरायच्या. दोष कुठल्या जनुकात आहे ते आम्ही शोधलं होतं. आता तेवढंच जनुक वेगळं काढून, त्याच्या डीएनएची अक्षरं, म्हणजे ए, सी, जी, टी, ओळीनं वाचून, बिघडलेलं अक्षर दाखवायचं होतं. ही अक्षरं एक्स-रे फिल्मवर रेघांच्या रूपात उमटतात; पहिली फिल्म नेमकी मोक्याच्या जागी धुरकट आली. पुन्हा करू म्हटलं, आणि संचारबंदी लागली.

चौथ्या दिवशी सकाळी सूट मिळाली. धावत गेले, तर वीज कधीच गेलेली, माश्यांचं कपाट भट्टीसारखं तापलेलं. एकूण एक बाटली मेलेली. मी जमिनीवर बसून रडले, अगदी भोकाड पसरून.

तेवढ्यात सुनंदाताई आल्या. फाटकावर शिपायानं त्यांचा डबा उघडायला लावला होता.

"बीबीजी, ये क्या है?"

"मक्खियाँ."

"घर से लाए हो? यहाँ कम हैं जी?"

डब्यात माझ्या वाणाची बाटली होती. माश्या जिवंत! मी त्यांना मिठीच मारली. पण त्यांचा चेहरा उतरलेला.

"एक सांगते, रागावू नकोस. परवा आमरस केला होता. घरभर चिलटं झाली. आणि या बाटलीचा बोळा सैल निघाला."

घरातली चिलटं म्हणजे याच जातीच्या साध्या माश्या. त्या आत शिरल्या असतील तर वाण बाटलं. खऱ्या वाणातल्याही निम्म्याच माश्या थरथरायच्या, त्यामुळे नुसतं बघून काही कळेना. आता अक्षरंच काय ती खरं सांगणार होती. तिथं नेहमीचंच अक्षर निघालं, तर माझी पाच वर्षं पाण्यात.

एका जोडीची पिल्लावळ वाढवली, तिच्यातून ते जनुक काढलं. दोन महिने गेले. सुनंदाताईंनी त्या दोन महिन्यांत घरात आंबा आणला नाही. यजमान म्हणे रुसले होते.

फिल्म निघाली ती सकाळी. खिडकीशी धरून मी खालून वर एकेक रेघ वाचायची आणि ताई निरोगी माशीच्या छापील अक्षरांवर बोट ठेवून ताडून बघायच्या. या कामाला मी त्यांनाच बसवलं होतं. त्यांची नजर कधी ओळ चुकायची नाही.

"ए, जी, जी, टी…"

"हं."

"ए, टी…"

बोट थांबलं. "विनया, इथं सी आहे."

"पुन्हा बघा."

"सीच आहे. तुझी रेघ चुकली का?"

रेघ चुकली नव्हती. छापील सीच्या जागी फिल्मवर टीच होती, स्वच्छ, ठळक. पाच वर्षं शोधत होते ते एक अक्षर. वाण शाबूत होतं. मी फिल्म खिडकीशी धरून तीच रेघ पुन्हा पुन्हा बघत राहिले. ताईंना वाटलं, वाईटच निघालं. त्यांचे डोळे भरले. मग मी कसंबसं सांगितलं आणि आम्ही दोघी हसत रडलो.

संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा दारात घुटमळल्या. पिशवी पुढे धरून हळूच म्हणाल्या, "आता एक बाटली घरी नेऊ ना गं?"

मी उठले, बोळे घट्ट दाबले आणि त्यांच्या डब्यात दोन बाटल्या ठेवल्या.