यवतमाळ जिल्ह्यातले तीन नामवंत बोकडे

या ब्लॉगवर मी गेली कित्येक वर्षं लिहितोय. कोणत्या घाटात गाडी गरम होते, कुठल्या धाब्यावर वरण पातळ असतं, हे सगळं तुम्हाला सांगून झालं. आडनाव तेवढं सांगितलं नाही. लेखाखाली 'प्रकाश, नागपूर' एवढंच असतं. काही वाचकांना तो माझा विनय वाटतो. विनय कसला डोंबलाचा! माझं आडनाव बोकडे आहे.

हसून घ्या. मी थांबतो.

शाळेत माझ्या नावाची हजेरी झाली की मागच्या बाकावरून 'मेंऽऽ' यायचं आणि मास्तर हसू दाबत पुढचं नाव घ्यायचे. मला वाटलं होतं, जग एव्हाना सुधारलं असेल. पण माझी मुलगी मुक्ता यंदा बारावी झाली आणि तिनं कळवलं की जग होतं तिथंच आहे, फक्त मेंऽऽ आता व्हॉट्सअपवर येतं. इंजिनियरिंगच्या प्रवेशाआधी तिला गॅझेटमधून नाव बदलून घ्यायचं होतं. आडनाव गाळून नुसतं 'मुक्ता प्रकाश'. अठरा वर्षं नुकतीच पूर्ण झालेली, त्यामुळे माझ्या सहीची गरज नाही. अर्ज फोनवर भरून तयार, एक बटण दाबायचं बाकी.

"माझ्या माहेरचं लाव," बायको म्हणाली. माधुरी माहेरची ढोरे. "मी मोठ्या जनावरातून लहान जनावरात आले, कधी तक्रार केली का?"

मला मात्र ते लागलं. माझे वडील पोस्टात होते. खिडकीवर कोणी नाव विचारलं की 'बोकडे' असं ठणठणीत सांगायचे, समोरचा हसला तर त्याच्याबरोबर हसायचे आणि शिक्का मारायचे. त्यांचं नाव माझ्या पोरीनं एका बटणानं पुसावं हे मला सहन होईना. म्हणून मी पुरावा काढला. आमच्या 'बोकडे परिवार' ग्रुपचे अ‍ॅडमिन बापूकाका यांनी मेहनतीनं तयार केलेली 'आपले नामवंत' ही पीडीएफ. त्यात आमच्या मूळ यवतमाळ जिल्ह्यातले तीन नामवंत होते: एक सुप्रसिद्ध शिल्पकार, एक समाजभूषण आणि एक उद्योजिका.

"बापूकाकांच्या पीडीएफमध्ये बापूकाकाही नामवंत आहेत," मुक्ता म्हणाली. तरी करार झाला. तीन दिवसांत तिघांना भेटायचं. ते खरोखर नामवंत निघाले तर अर्ज रद्द. नाही निघाले तर मी स्वतः तिला प्रतिज्ञापत्र करायला घेऊन जाणार.

"नवतपात यवतमाळ?" माधुरीनं विचारलं. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, मे महिन्याच्या शेवटचे ते नऊ दिवस शहाणी माणसं कूलरसमोर काढतात. आम्ही शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. माधुरी कूलरसमोर राहिली.

नागपूर ते यवतमाळ रस्ता उत्तम आहे, तीन तास पुरतात. टोलचे पैसे फास्टॅगमध्ये आधीच भरून ठेवा. यवतमाळला सांबारवडी खाल्ली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, पुणेकरांनी सोबत इडली मागू नये. वाटेत 'येथे बोकडाचे ताजे मटण मिळेल' असे अनेक बोर्ड लागले आणि प्रत्येक बोर्डला मुक्तानं हात जोडले. "कुटुंबातल्यांना नमस्कार करायला नको का?"

दारव्ह्याच्या रस्त्यावर बोरी अरब लागतं. बाजारात शिल्पकार जगन्नाथ बोकड्यांचा पत्ता विचारला, तर पहिला प्रश्न आला, "कोनते बोकडे?" हा प्रश्न का विचारतात ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आडनाव ऐकून जात कळली नाही की आपल्या लोकांचं पोट दुखतं. मी म्हटलं, शिल्पकार बोकडे. कोणाला माहीत नाही. शेवटी एक फळवाला म्हणाला, "लाकडाचे बैल करते तो? नंदीवाला म्हना न मंग!"

जगन्नाथराव लिंबाखाली बसून सागवानाच्या ठोकळ्यातून बैलाचं वशिंड काढत होते. तान्ह्या पोळ्याला लहान मुलं जे चाकांचे बैल ओढतात, ते हे करतात. बैल मात्र असे, की मान वळवून आत्ता शेपटी हलवतील असं वाटावं. अमरावतीपासून लोक मागणी नोंदवून जातात. वीतभर नंदी सातशे रुपयांना, आणि घासाघीस केली तर ते बोलणं बंद करून पुन्हा कामाला लागतात. मी अनुभव घेतला आणि मुकाट्यानं सातशे मोजून एक नंदी घेतला.

"तुम्हाला या आडनावाचा कधी त्रास झाला?" मुक्तानं थेट विचारलं.

"मले कोनी बोकडे म्हनतच नाही, बाई. आधार कार्ड पाह्यलं तवाच आठोते."

गाडीत बसल्यावर मुक्तानं निकाल दिला. अर्धा गुण. माणूस नामवंत आहे, पण नाव दुसरंच आहे.

दिग्रसजवळ गाडीचा रेडिएटर उकळला. सलीमभाई नावाच्या मेकॅनिकनं पाइप बदलला, पाचशे घेतले आणि आमच्या मोहिमेची कथा चहासोबत ऐकून घेतली. "साहेब, आमच्या गल्लीत सारेच शेख," तो म्हणाला. "पोस्टमन इचारते, कोनता शेख? मंग काम सांगा लागते. रेडिएटरवाला शेख, कूलरवाला शेख, उधारीवाला शेख. आडनावानं मानूस सापडते काय कधी?" मुक्तानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मुक्काम पुसदला केला. लॉज स्वच्छ होता, गरम पाणी मागायची गरज नव्हती, कारण थंड पाणीच नळातून गरम येत होतं.

शनिवारी सकाळी फुलसावंगी. पीडीएफमधला मजकूर असा: 'समाजभूषण रामराव बोकडे, ज्यांनी असंख्य संसार उभे केले.' गावात शिरताच एका चहाच्या टपरीवर थांबलो. चहा झकास, आलं भरपूर. मी खुशीत येऊन टपरीवाल्या बाईंना विचारलं, "रामराव बोकडे कुठे राहतात?"

बाईंची किटली हवेतच थांबली.

"तुमी कोन त्याचे?"

"का हो?"

"मह्या पोरीची सोयरीक त्यानं जमवली. सांगतलं का पोरगा वीज खात्यात हाय, खांबावर चढते. चढते खरा! मांडवाच्या खांबावर, लायटिंग लावाले!"

बाकावरचे दोघं उठले. एकाच्या भावाला रामरावांनी ग्रॅज्युएट मुलगी सांगितली होती, ती सहावी पास निघाली. दुसऱ्यानं आपली तक्रार सांगितली नाही, पण बाह्या वर केल्या. रामराव उन्हाळ्याआधीच गाव सोडून गेले होते. माझ्या गाडीभोवती बघता बघता सात-आठ फसलेले सासरे आणि मेहुणे जमले.

"तुमी बी बोकडेच काय?" बाईंनी विचारलं.

"नाही नाही!" मी म्हणालो. "आम्ही देशमुख. विम्याचं काम होतं."

"मंग बरं. त्या नावाचा मानूस आमी दारात उभा नाई करत."

मी चहाचे वीस रुपये दिले, दहा परत घ्यायचे होते ते घेतले नाहीत आणि गाडी काढली. महागाव येईपर्यंत मुक्ता फोनवर आपला अर्ज उघडून बघत होती. मग ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मला फोटो लागला, आधार लागलं, अर्ज लागला. तुम्ही दहा सेकंदात बदललं. तेही फुकट."

मी हसायचा प्रयत्न केला.

"आणि आजच नाही. दारावर 'पी. बी.' लिहिलंय. ब्लॉगवर नुसतं प्रकाश. दवाखान्यात 'बोकडे कोण' म्हणून हाक मारली की तुम्ही मान खाली घालून पळत जाता, म्हणजे दुसऱ्यांदा हाक नको. आजोबांचं नाव मी सोडायचं नाही, मग तुम्ही कुठे धरलंय?"

वाचकहो, मला लाज वाटली, आणि ती आडनावाची नव्हती. आर्णीला उसाचा रस प्यायला थांबलो तेव्हा मीच म्हणालो, "दाब बटण. उद्या घरी जाऊ." तिनं ग्लास संपवला, ओठावरची फेसाची मिशी पुसली आणि म्हणाली, "करार तीनचा होता. तिसरीला बघितल्याशिवाय नाही." रात्री यवतमाळला आम्ही दोघांनी एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलून भरडा वडा खाल्ला.

रविवारी पांढरकवड्यावरून वणी. वणीपुढे राजूरचा रस्ता सुरू झाला की काच वर करा. एकीकडून कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ, दुसरीकडून चुनाभट्ट्यांची पांढरी. गाडी घरी आणली तेव्हा तिचा रंग बायकोला ओळखू आला नाही. पीडीएफ म्हणत होती, 'उद्योगक्षेत्रातील अग्रणी सुनीताबाई बोकडे'. यावेळी पत्ता विचारावा लागला नाही. रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या रांगेमागे, लाल अक्षरांत भला मोठा बोर्ड होता:

बोकडे खानावळ. शुद्ध शाकाहारी.

मुक्ता गाडीतून उतरली आणि हसता हसता बॉनेटला धरायला गेली. बॉनेट तापलेलं, हात भाजला, तरी हसतच राहिली. कालपासून पहिल्यांदा हसली, म्हणून मीही हसलो.

आत गर्दी. दारातच सुनीताबाई उभ्या, साठीच्या, कपाळावर घाम, हातात वही. जागा नसली की त्या नाव लिहून घेतात आणि पान रिकामं झालं की हाक मारतात.

"काय नाव लिहू?"

मुक्ता माझ्याकडे बघत होती. "बोकडे," मी म्हणालो.

"जोरात बोला जी, पंख्याचा आवाज हाय."

"बोकडे! प्रकाश बोकडे!"

दहा-बारा ड्रायव्हरांनी पोळी तोडता तोडता वर पाहिलं. एकजण फिसकन हसला. सुनीताबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्यानं ताटात डोकं घातलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढे कायले लाजून राह्यले? बोर्ड नाई वाचला काय?"

पाटोडीचा रस्सा, पोळ्या, वांग्याची भाजी, ठेचा, भात. ताट एकशे वीस रुपये, पोळ्या मोजत नाहीत. रस्सा इतका जहाल की मुक्ताच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं परत मागितला. गर्दी ओसरल्यावर बाई आमच्या समोर येऊन बसल्या. आमचं नातं काही लागत नव्हतं. मुक्तानं विचारलं, "काकू, लोक हसत नाहीत?"

"हासतात न. आंधी हासतात, मंग थांबतात, मंग जेवतात. उद्या इथं चांगलं नाव लिहिलं तं कोन थांबन?"

"म्हणजे तुम्हाला आवडतं हे आडनाव?"

"आवडाचं काय त्याच्यात? माहेरची मी ठाकरे. हे नवऱ्याचं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "नवरा गेला दुसरीसंगं, पोरं लहान होती तवा. मी पोया लाटल्या खाणीतल्या मानसाईसाठी. खानावळ चालाले लागली तं त्यानं मानूस धाडला, म्हने आमचं नाव बोर्डावरून काढा. मी म्हनलं, तुह्या बापाचं होतं तवा होतं. आता मह्या पोयायचं हाय. हिंमत असन तं शिडी लाव अन् काढ."

"मग?"

"शिडी मीच दिलती त्याले. नाई चढला."

बाईंनी मुक्ताला निघताना ठेच्याची बाटली दिली, पैसे घेतले नाहीत. "घरच्याईकून घेत नाई," म्हणाल्या.

वरोऱ्यावरून नागपूरला परतताना मी हिशेब मांडला. जगन्नाथराव अर्धा, रामराव शून्य.

"उणे दोन," मुक्तानं दुरुस्त केलं. "एक त्यांचा, एक तुमचा."

"आणि सुनीताबाई?"

"त्या बोकडे जन्मल्याच नाहीत. त्यांना गुण द्यायची आपली लायकी नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अर्ज राहू दे तसाच. आधी तुम्ही आठवडाभर बोकडे राहून दाखवा."

जावं का या भागात? नवतपात नको, हिवाळ्यात जा. बोरी अरबला नंदी घ्या, घासाघीस करू नका. राजूरला पोट रिकामं ठेवून जा. फुलसावंगीचा चहा अप्रतिम आहे, फक्त रामरावांबद्दल विचारू नका. त्या टपरीवर मला एकदा परत जायचं आहे. त्या बाईंना खरं नाव सांगायचं आहे, मग त्या किटली कुठे टाकतात ते बघू.

सोमवारी मी पेंटरकडे गेलो. दारासाठी नवी पाटी करून घेतली. "पूर्ण लिहू की नुसतं बी?" त्यानं विचारलं. पूर्ण, मी म्हटलं. जगन्नाथरावांचा वीतभर नंदी तिच्याखाली फळीवर ठेवला.

काल दुपारी कुरिअरवाला आला आणि खालच्या चौकातूनच ओरडला, "बोकडे कोण आहे?" आमच्या सोसायटीत तीस घरं, सगळी जागी. सवयीनं मी चप्पल शोधायला धावलो, दुसरी हाक यायच्या आत खाली पोचावं म्हणून. तेवढ्यात मुक्ता गॅलरीत गेली आणि तिनं खणखणीत आवाज दिला, "इथं! दुसरा माळा! बोकडे इथं!"

खालून कुठल्यातरी पोरानं 'मेंऽऽ' केलं.

"हो, तेच!" मुक्ता ओरडली. "वर आण!"

अर्जाचं काय झालं ते मी तिला विचारलेलं नाही. तिनं मला एवढंच विचारलं, की हा लेख टाकताना खाली काय लिहिणार.

प्रकाश बोकडे
नागपूर