बुनपेंगची रस्त्याकडची खोली

थायलंडात, सुरीनजवळच्या आपल्या गावात बुनपेंग रेशमाचे किडे पाळते, बदकं पाळते आणि नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे हट्टही पाळते. पासष्टी उलटली तरी तिन्हींत खंड नाही. म्हणून तिची मुलगी विपा, जी खोन केनच्या इस्पितळात नर्स आहे, रजा काढून घरी आली आणि म्हणाली की आई, तुला बँकॉक फिरवून आणते, तेव्हा ते सोपं जाणार नाही हे थोंगदीला, म्हणजे बुनपेंगच्या नवऱ्याला, आधीच ठाऊक होतं. तो बदकं सांभाळायला मागे राहिला.

विपानं फोनवर एकेक हॉटेल दाखवायला सुरुवात केली. एकाच्या गच्चीवर पोहायचा तलाव होता.

"मला पोहता येत नाही," बुनपेंग म्हणाली, "आणि पोहणारी बदकं मी रोज बघते. तू याओवारातमधलं बघ."

याओवारात, बँकॉकमधली जुनी चिनी वस्ती. विपाला वाटलं, आईला तिथलं खाणं हवंय. खाणं हवंच होतं. पण खरी गोष्ट वेगळी होती.

बुनपेंग अकरा वर्षांची असताना गावात चिनी नाटकवाल्यांची मंडळी आली होती. तिचा आवाज ऐकून मालकीणबाईंनी तिला मागून घेतलं. घरात खाणारी तोंडं बरीच होती, आईनं डोळे पुसले आणि हो म्हटलं. बुनपेंगला चिनी भाषेचा गंधही नव्हता. गुरुजी शब्द थाई लिपीत लिहून द्यायचे आणि छडी हातात घेऊन घोकून घ्यायचे. इथे हात वर, इथे बाही झटक, इथे रड. ती शिकली. उंच होती म्हणून तिला तरुण पंडिताची कामं मिळू लागली, आणि पंडित बनून तिनं पुढची वीस वर्षं देवळादेवळांच्या अंगणात राजकन्या जिंकल्या. राजकन्या सगळ्या मैत्रिणीच होत्या. नवरा मात्र खरा मिळाला, रंगमंच उभारणारा सुतार, थोंगदी.

त्या काळी याओवारातमध्ये चिनी नाटकांची थिएटरं होती. एक अख्खा हंगाम तिची मंडळी तिथे होती. नट पडद्यामागे रंगमंचाच्या फळ्यांवरच झोपायचे. समोर रस्त्यापलीकडे एक हॉटेल होतं, आणि त्याच्या खिडकीत कुणी ना कुणी पाहुणा कोपर टेकून रस्त्याची मजा बघत उभा असायचा. बुनपेंगला त्या माणसाचा फार हेवा वाटायचा. एवढीच गोष्ट. ती तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दोघी बँकॉकला पोचल्या तेव्हा ते थिएटर नव्हतं, समोरचं हॉटेलही नव्हतं. त्या जागी बँक उभी होती. बुनपेंग क्षणभर बँकेकडे बघत राहिली, मग म्हणाली, चल, दुसरं शोधू.

पहिल्या हॉटेलात दारापासूनच लाल कंदील, कोरीव पलंग, भिंतीवर मोर. विपा खूश झाली. बुनपेंगनं खोलीतला पडदा बाजूला सारला तर मागे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. "मोर आत आणि भिंत बाहेर," ती म्हणाली आणि पिशवी उचलली. दुसरं हॉटेल सोन्याच्या दुकानाच्या माथ्यावर होतं. जिना शिडीसारखा उभा. मालक बनियनवर डुलक्या घेत होता. बुनपेंगला ते मनापासून आवडलं, पण सगळ्या मजल्याला मिळून एकच न्हाणीघर आहे हे कळल्यावर विपा पिशवी खाली ठेवू देईना. आता हट्टाची तिची पाळी होती.

तिसरं हॉटेल एका गल्लीच्या तोंडाशी होतं. जुनी इमारत, हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्या. काउंटरवरच्या गृहस्थांनी आपणहून मागच्या बाजूची शांत खोली देऊ केली.

"रस्त्याकडची नाही का?" बुनपेंगनं विचारलं.

"आहे, पण मावशी, तिथे फार गोंगाट. पाहुणे तक्रार करतात."

"मी नाही करणार. मी गोंगाटासाठीच आलेय."

खोलीत शिरताच तिनं झडपा उघडल्या. खाली याओवारातचा रस्ता वाहत होता. मोटारी, तीनचाकी, डाळिंबाच्या रसाच्या गाड्या, गरम वाळूत चेस्टनट परतणाऱ्याचा फावड्याचा खरखराट. तिनं चौकटीवर कोपर टेकलं. विपानं हातपाय धुतले, कपडे बदलले, चहा करून दिला, तो निवला, तरी कोपर तिथेच. शेवटी विपानं विचारलं तेव्हा बुनपेंगनं तिला त्या हॉटेलातल्या पाहुण्याची गोष्ट सांगितली. विपानंही शेजारी येऊन कोपर टेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गल्ल्यांमध्ये शिरल्या. गाड्यांच्या सुट्या भागांचे काळे ढीग, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मांजरी, पितरांसाठी जाळायचे कागदी बंगले विकणारं दुकान. त्या बंगल्यांना कागदी वातानुकूलन यंत्रंही होती, ते बघून विपा हसत सुटली. पाय दुखायला लागले तेव्हा एक चहाचं दुकान दिसलं. गल्ल्यावर ऐंशीच्या घरातली एक बाई बसली होती. गल्लीतले सगळे तिला सिउकियांगताई म्हणत.

बुनपेंगला वाटलं, इथे आपली चिनी वापरून बघावी. पण तिची चिनी सगळी नाटकातली. तिनं कमरेत किंचित वाकून, पंडिताच्या आवाजात, शब्द आठवत म्हटलं, "हे पूजनीय माते, दूरदेशीच्या या थकल्या पांथस्थास चहाचा एक पेला देण्याची कृपा व्हावी."

दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघू लागली. सिउकियांगताईंनी चष्मा वर सरकवला.

"बसा, पांथस्थ," त्या त्याच भाषेत म्हणाल्या आणि मग थाईत, "साखर हवी का?"

पुढे तासभर कुणी उठलंच नाही. सिउकियांगताई लहानपणापासूनच्या नाटकवेड्या. कुठली मंडळी, कुठलं काम, कुठला हंगाम, सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, काहीतरी म्हणून दाखव. बुनपेंगनं सगळ्यात आधी शिकलेलं गाणं धरलं. हळुवार, लांबत जाणारे सूर. विपा लहान असताना हेच गाऊन ती तिला झोपवायची. गुरुजी मोठ्या कथा समजावून सांगत, छोट्या गाण्यांचे अर्थ सांगायला त्यांना वेळ नसे. बुनपेंगनं आपलं ठरवून टाकलं होतं की हे आईनं बाळाला दिलेल्या आशीर्वादाचं गाणं आहे.

दोन ओळी झाल्या आणि सिउकियांगताईंच्या हातातला पेला हिंदकळला. तिसऱ्या ओळीला त्यांनी तोंडाला पदरासारखा टॉवेल लावला.

"का हसताय?" बुनपेंगनं थांबून विचारलं.

"अगं, पंडित परीक्षेला निघालाय आणि त्याचं गाढव वाटेत बसलंय. तो म्हणतो, ऊठ रे आळशा, ऊठ. माझी परीक्षा बुडाली तर तुझ्या पाठीवर पुस्तकं नाही, विटा लादीन."

विपा आईकडे बघतच राहिली. "हे म्हणून तू मला झोपवायचीस?"

"झोपायचीस की."

"म्हणूनच मी पहाटे चारला उठून बसते. आता कळलं."

मग तिघी इतक्या हसल्या की बाजूच्या टेबलावरच्या माणसानं काही न कळता स्वतःही हसून घेतलं.

सिउकियांगताईंनी दुकान सुनेच्या हवाली केलं आणि बुनपेंगचा हात धरला. जवळच्या देवळात देवाचा उत्सव चालू होता, दुपारी नाटक होतं. समोर खुर्च्या मांडलेल्या, पण बसलेले मोजके म्हातारे आणि एक कुत्रा. रंगमंचामागे गेल्यावर बुनपेंगच्या कानावर आपल्या गावाकडची बोली पडली. तोंडाला रंग लावता लावता सगळे नट तिकडच्याच बोलीत एकमेकांना टोमणे मारत होते. मंडळीची प्रमुख समनियांग ही धष्टपुष्ट बाई चिकट भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवून खात होती. तिनं बुनपेंगला पहिला प्रश्न केला तो गाव कुठलं हा, आणि दुसरा जेवलीस का.

खेळाच्या आधी आठ देवता येऊन आशीर्वाद देतात. छोटा प्रवेश, पण तो चुकवता येत नाही. एक नटी बाळंतपणाला गेली होती आणि गेले काही दिवस सातांवरच भागवणं चाललं होतं.

"देव मोजत असेल का?" सिउकियांगताईंनी मुद्दाम विचारलं.

समनियांगनं भात बाजूला ठेवला. बुनपेंगला नखशिखान्त न्याहाळलं. "मावशी, तो प्रवेश येतो का अजून?"

"कितीदा केलाय ते विचारू नकोस," बुनपेंग म्हणाली. मग आवाज उतरला. "पण गुडघे दुखतात गं."

"देवताच आहेस. हळू चाललीस तर शोभेलच."

पांढरा रंग गालांवर चढला, डोळ्यांच्या कडा काळ्या झाल्या, भुवया वर ताणून बांधल्या. विपा शेजारी उभी राहून बघत होती. आईचे असे फोटो तिनं पाहिले होते, पण ते मळकट आणि मुठीएवढे. हा चेहरा तिच्या डोळ्यांदेखत तयार होत होता, आणि तो तयार होता होता आईची पाठ ताठ होत चालली होती.

झांजा वाजल्या. बुनपेंग सर्वांत शेवटी, आठवी देवता म्हणून बाहेर आली. पहिलं पाऊल तिनं जपून टाकलं, दुसऱ्याला पायांनी स्वतःच वाट धरली. बाही नेमकी झटकली गेली. आवाज वरच्या सुराला किंचित खरखरला आणि पोहोचला. पुढच्या खुर्चीवरच्या आजोबांनी मान डोलावली. विपा फोन धरून उभी होती, पण तिचं सगळं लक्ष आईकडे, त्यामुळे चित्रफितीत निम्मा वेळ नुसता बांबूचा खांब आला. ती रडत होती आणि तिला ते माहीतही नव्हतं.

प्रवेश संपल्यावर समनियांगनं रंग पुसायला तेल आणि फडकं पुढे केलं. बुनपेंगनं ते परत केलं.

"आई, अशी रस्त्यानं येणार?"

"पूर्वी नेहमी जायचो. भूक कुणाला धीर धरू देत होती?"

तिघी मिरीच्या रश्श्यातल्या शेवया विकणाऱ्या गाडीवर गेल्या. लोक वळून बघत होते. कुणी फोटो काढू का म्हणून विचारलं की बुनपेंग खायच्या काड्या खाली ठेवून पंडितासारखी मान तिरकी करायची. तेवढ्यात थोंगदीचा फोन आला. विपानं फोनचा कॅमेरा आईकडे वळवला. थोंगदीनं फोन डोळ्यांजवळ नेला. मागे बदकांचा कलकलाट चालू होता.

"अजून एक दिवस राहता का?" तो म्हणाला. "मी उद्याच्या गाडीनं येतो. बदकं शेजारी बघेल."

"ये," बुनपेंग म्हणाली, "पण खोली रस्त्याकडची आहे, झोप येत नाही म्हणून कुरकुर करायची नाही." आणि ओठांवरचा लाल रंग रश्श्यात जाऊ नये म्हणून तोंडाचा चंबू करून तिनं पुढची शेवई ओढली.