पूरा खाली

आमच्या इटालियन गाडीला चार गिअर होते, आणि बायकोने त्यातले तीनच वापरले होते. गाडी तिच्या वडिलांची. ते एका दूतावासात भाषांतरकार होते. मायदेशी परत निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून त्यांनी ही लाल, उघड्या टपाची, दोनच माणसांची स्पोर्ट्‌स कार घेतली आणि करोल बागेतल्या आपल्या गल्लीत आणून उभी केली. खड्ड्यांत पोट घासू नये म्हणून तिला उंच स्प्रिंगा बसवल्या. मुलीला गाडी शिकवली तीही याच गाडीवर, पण तिचा हात तिसऱ्याच्या पुढे जाऊ लागला की म्हणायचे, "चौथा इटलीसाठी आहे."

ते गेल्यावर गाडी मयूर विहारला आमच्या सोसायटीत आली. तेव्हा आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी नव्या परदेशी गाडीचं बुकिंग करून पेढे वाटायचं. आमची गाडी परदेशीच होती, पण तिचे पेढे कोणी मागितले नाहीत. शेजारी विचारायचे, "भंगारवाला कब आ रहा है?"

मग बातमी आली. यमुनेपलीकडे नवं उपनगर वसत होतं. तिथे रस्ते आधी झाले होते, घरं व्हायची होती. एका हौशी मोटर क्लबने रिकाम्या सेक्टरभोवतीचे रस्ते रविवारपुरते मागून घेतले, वळणांवर गवताच्या पेंढ्या रचल्या आणि जुन्या गाड्यांची रेस ठरवली. बायकोने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, मी नाव दिलंय. चौथा गिअर मी तिथेच टाकणार. त्याआधी नाही."

मी फरीदाबादच्या कारखान्यात कॉस्टिंग बघायचो. गाड्यांतलं मला फार कळत नव्हतं, पण मोजमाप कळत होतं. कारखान्याजवळच एका सरदारजी उस्तादांचं गॅरेज होतं. आपल्या देशात बनणाऱ्या एका घरगुती गाडीचं इंजिन याच गाडीच्या घराण्यातलं, त्यामुळे सुटे भाग करोल बागेतच मिळत गेले. उस्तादांनी इंजिन उघडलं, घासलं, बांधलं. ब्रेकला नवी लायनिंग बसली. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा टपऱ्यांवरची माणसं चहा सोडून बघायला आली. उस्ताद छाती पुढे काढून म्हणाले, "इटलीवाले देखेंगे तो मुझे उठाके ले जाएँगे!"

सरावाच्या रविवारी मात्र पहिल्याच वळणावर गाडी अशी कलली की आतल्या बाजूचं चाक जमिनीवरून उचललं. क्लबचे सेक्रेटरी, निवृत्त फौजी, झेंडा हलवत धावले. "मॅडम, ये गाड़ी है या नाव? अगले इतवार सुबह एक चक्कर देखूँगा. फिर झुकी, तो आप आराम से चाय पीजिए और रेस देखिए."

चौथा गिअर वळणानंतरच्या सरळ रस्त्यावर लागणार होता, आणि तिथपर्यंत तिला कोणी जाऊच दिलं नव्हतं.

दोष उंचीचा होता. मी पट्टी घेऊन गाडीखाली आडवा झालो. दीड इंच खाली आणली तर भागेल असा माझा हिशेब होता. शनिवारी सकाळी कारखान्यात जाताना गाडी उस्तादांकडे सोडली. हजेरीची घाई होती. मी म्हणालो, "उस्तादजी, इसको खाली करना है."

"खाली?" ते चमकले. "पूरा?"

"पूरा. जितना हो सके."

दुपारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली आणि मी गॅरेजवर पोहोचलो. बायको बसने थेट तिथेच आली होती. ती फुटपाथवर उभी राहून हसत होती. तिच्यापुढे सतरंजी, दारांच्या आतले पत्रे, स्टेपनी, जॅक, हीटर, टपाचा सांगाडा आणि माझी बसायची सीट असं सगळं ओळीने मांडलेलं होतं. गाडीत एक सीट आणि स्टिअरिंग, बस्स.

"लो साहब," उस्ताद म्हणाले, "एकदम खाली. मक्खी भी नहीं छोड़ी."

मी पट्टी लावली. गाडी सकाळपेक्षा पाऊण इंच वर गेली होती! ओझं उतरलं होतं, स्प्रिंगा उसळल्या होत्या.

"अहो, इतकी वर्षं दिल्लीत काढली तुम्ही!" बायकोने डोळे पुसले. "हिंदीत खाली म्हणजे रिकामं. खाली म्हणजे खाली नाही!"

"मी पुण्याचा आहे," मी म्हणालो. दीड इंच असं सांगितलं असतं तर हा घोळ झालाच नसता. दीड इंच कोणी रिकामं करत नाही.

सगळं उलगडल्यावर उस्ताद आधी माझ्यावर ओरडले, मग इतके हसले की त्यांना टायरवर बसावं लागलं. "तो नीचे बोलो ना, साहब! नीचे!"

मी सीट परत आत ठेवायला उचलली. बायकोने माझा हात धरला. "राहू द्या. आधी वजन करू."

हायवेवरच्या ट्रकांच्या धर्मकाट्यावर आम्ही आमची लाल गाडी चढवली. काटेवाला खिडकीतून पूर्ण बाहेर आला. गाडीच्या कागदांवरच्या वजनापेक्षा सत्तर किलो कमी! मला वाटलं होतं फार तर चाळीस. आता मलाच चेव आला. "उस्तादजी, खाली तो हो गया. अब नीचे भी करो."

त्यांनी पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले. ऊन कलायच्या आत गाडी रस्त्याला पोट टेकवायला निघालेल्या मांजरीसारखी दिसू लागली.

रविवारी सकाळी ती एकटी चालवत पुढे गेली. मागून उस्तादांच्या टेम्पोत मी, माझ्याच इटालियन सीटवर बसून, दोन्ही हातांनी दोर धरून. ट्रॅकवर सीट गवतात ठेवली आणि तिथेच बसलो. सेक्रेटरी वळणावर जाऊन उभे राहिले.

तिने गाडी सोडली. पहिला, दुसरा, तिसरा. हे आवाज मला पाठ होते. वळण आलं. मी उठून उभा राहिलो. माझी नजर आतल्या चाकावर होती. चाक जमिनीलाच राहिलं! गाडी सपाट, जणू कोणी वरून हाताने दाबून धरलेली. सेक्रेटरींचा झेंडा खालीच होता, मराठीतल्या अर्थाने. मग ती सरळ रस्त्याला लागली, इंजिन क्षणभर गप्प झालं, आणि त्यानंतर जो आवाज आला तो मी कधीच ऐकला नव्हता. खोल आणि निवांत.

"लग गया!" उस्तादांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा गवतात पडला.

रेसमध्ये ती शेवटून दुसरी आली. हेल्मेट काढून माझ्याकडे चालत आली तेव्हा केस घामाने चिकटले होते. मी सवयीने विचारलं, "किती फरकाने?"

"चौथा किती मऊ आहे, अहो," ती म्हणाली. "बाबांनी हातसुद्धा लावला नव्हता."

परतताना तिने मला गाडीतून न्यायला साफ नकार दिला. सीटच नाही, म्हणाली. मी टेम्पोत बसलो आणि घरापर्यंत, प्रत्येक सरळ रस्त्यावर, पुढून येणारा तो आवाज ऐकत राहिलो.