न ऐकू येणारं प्रश्नचिन्ह

गोंदियातल्या एका लोकल न्यूज चॅनलवर मी तीन वर्षं बातम्या वाचल्या. चॅनल म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत हिरवा पडदा, दोन मोठे लाइट आणि कॅमेरा. दुसरीत कॉम्प्युटर, कूलर आणि आमचे साहेब. आधी आम्ही केबलवर दिसायचो, नंतर नंतर मोबाइलवरच जास्त. मी गोंदियाजवळच्या मुर्रीला खोली करून राहायचे आणि दुपारी स्कूटीने स्टुडिओत यायचे. आवाज बरा आणि 'न' आणि 'ण' वेगळे म्हणता येतात, एवढ्यावर साहेबांनी मला घेतलं होतं.

साहेब मनाने चांगले होते. मला 'बेटा' म्हणायचे आणि माझ्यासाठी समोसा मागवल्याशिवाय स्वतः चहा घ्यायचे नाहीत. बातमी कशी वाचायची, हे त्यांनीच शिकवलं. "सपाट मत पढ़ो. 'खळबळ' म्हटलं की थोडं थांबायचं. 'सावधान' म्हटलं की आवाज खाली." मी घरी आरशासमोर सराव करायचे. थोड्याच दिवसांत मला ते इतकं जमलं की भाजीवालीसुद्धा म्हणाली, "ताई, तुमी 'धक्कादायक' म्हणता ना, तं मले शहारे येतेत."

माझे आईबाबा सौंदडच्या अलीकडे एका लहान गावात राहतात. धानाची शेती. बाबा तसे अबोल, पण मी चॅनलवर दिसू लागल्यापासून त्यांना कंठ फुटला. संध्याकाळी सहाला ते हातपाय धुऊन ओसरीवर बसायचे, मोबाइल स्टीलच्या गिलासात उभा करायचे म्हणजे आवाज मोठा येतो, आणि आजूबाजूच्या चार-सहा जणांना हाक मारायचे. कोणी शंका काढली की म्हणायचे, "बाकीचे टीव्हीवाले खोटं सांगत असतीन गा. हे माही पोरगी होये."

आई मात्र तेव्हा भाकरी करत असायची. तिला एकदा विचारलं, तू का बघत नाहीस, तर म्हणाली, "तुह्या आवाजात भांडन असते. मले तुहा फोनवरचा आवाज बरा वाटते."

मार्च सरत आला होता. मोहाची फुलं पडायला लागली होती; आमच्याकडे बाया पहाटेच ती वेचायला जातात. एका दुपारी वनविभागाची दोन ओळींची सूचना आली: आमच्याच गावच्या बाजूला रस्ता ओलांडताना बिबट्या दिसला, लोकांनी दक्षता घ्यावी. शिवाय चॅनलच्या तिकडच्या माणसाने फोनवर कळवलं की शेजारच्या गावात एक बकरी हरवली आहे. बस, एवढंच. साहेबांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि टाइप करायला बसले. कागद माझ्या हातात आला तेव्हा वर मोठ्या अक्षरांत होतं: 'नरभक्षक बिबट्या? परिसरात दहशत, गावकरी घरात कैद!'

"सर, याने कोणाला खाल्लं?" मी विचारलं.

"किसी को नहीं. म्हणून तर प्रश्नचिन्ह टाकलं ना."

मला ते पटलं. खरं सांगते, मला त्यात हुशारीच वाटली. मी पदर नीट केला, कॅमेऱ्यात पाहिलं आणि वाचलं. मागे दुसऱ्याच कुठल्यातरी जंगलातल्या बिबट्याचा दात दाखवतानाचा व्हिडिओ चालू होता. 'नरभक्षक' या शब्दावर मी थांबले, 'दहशत'वर आवाज खाली नेला. कागदावरचं प्रश्नचिन्ह वाचताना ऐकू येत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. पुढचे दोन दिवस नवीन काहीच घडलं नाही, तरी आम्ही तीच बातमी 'दहशत कायम' म्हणून पुन्हा पुन्हा दिली.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता बाबांचा फोन आला. "तुह्या मायले लागलं. ये." एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी पॅसेंजर पकडली. गाडीत माझ्या डोक्यात एकच शब्द होता, 'नरभक्षक', आणि तो मी स्वतःच्या आवाजात ऐकत होते.

घरी पोचले तर आई अंगणात खाटेवर बसलेली. डावा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये आणि उजव्या हाताने चहा. मी तिला मिठी मारायला गेले तर म्हणाली, "हळू व. चहा सांडन."

झालं होतं असं. माझी बातमी ऐकून बाबांनीच गावात सांगितलं होतं की कोणी बाईने मोहाला जायचं नाही. पोरगी स्वतः सांगून राहिली, सावध राहा म्हणून, असं ते म्हणत. दोन दिवस बाया घरात बसल्या. मोह झाडाखाली तसाच पडून; गाई-ढोरं खाऊन गेली. पहाटे काठ्या आणि दगड घेऊन सात-आठ माणसं गावाभोवती फिरायची, त्यांत बाबा पुढे. तिसऱ्या पहाटे आईला राहवेना. ती कोणाला न सांगता मागच्या दाराने निघाली. पहाटेचा गारवा होता म्हणून खाकी रंगाची चादर डोक्यावरून घेतली आणि टोपली घेऊन बांधावरच्या मोहाखाली वाकून फुलं वेचू लागली. अजून फटफटायचं होतं. फिरणाऱ्या माणसांना झाडाखाली काहीतरी वाकलेलं, हलताना दिसलं. कोणीतरी ओरडलं, "बिबट! बिबट!" आणि दगड सुटले.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? एक दगड हातावर बसला. मी उभी झाली आणि शिव्या देल्या. बिबट शिव्या देत नाही म्हून वाचली." आई हसली. मग माझ्याकडे बघून तिने ते हसू आवरलं. "काऊन रडून राहिली व? हात होये, जुळन."

मी विचारलं, दगड कोणाचा होता. ती चहा पीत राहिली. बाबा गोठ्याच्या दाराशी उभे होते, तिथूनच आत गेले.

दोन दिवस मी घरीच राहिले. बाबा माझ्याशी बोलत होते, पण डोळ्यांत बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईची वेणी घालत होते, तेव्हा ते समोर येऊन उकिडवे बसले. "दगड माहाच होता," ते म्हणाले. "अंधार होता. मले वाटलं, तो आला. तू सांगतलं होतं ना, मानसं खाते म्हून."

त्यांनी माझ्यावर आळ घेतला नव्हता. जे ऐकलं ते सांगत होते. माझ्या बापाने मी सांगितलं म्हणून उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी दगड उचलला होता, आणि तो माझ्याच आईला लागला होता.

आई मान न वळवता म्हणाली, "मले पयल्या दिवसापासून मालूम हाये. गावात एवढा सरळ नेम आनखी कोनाचा हाये?" आणि बाबांना हसू आणि रडू एकदमच आलं.

त्याच दिवशी मी वनरक्षकाला शोधून काढलं. चाळिशीतला माणूस, चेहरा उन्हाने रापलेला. नाल्याच्या काठावर ओल्या मातीत त्याने मला पावलांचे ठसे दाखवले. "होता बिबट्या," तो म्हणाला. "आला, पाणी प्यायला, गेला. दरसाल जातो. उजाडल्यावर जा, चार-पाच जणी मिळून जा, बोलत जा. बस." दरसाल जातो, ही गोष्ट आमच्या तिन्ही दिवसांच्या बातम्यांत कुठेच नव्हती. आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

मी मोबाइलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड केलं, मग आईचं. आईला म्हटलं, जे झालं ते सांग. तिने प्लास्टरचा हात वर केला आणि सांगितलं, "बिबट नोहता बापा, मी होती. मानसानं पयले पाहावं, मंग मारावं."

गोंदियाला परतून ते साहेबांना दाखवलं. आईचा हात बघून त्यांचा चेहरा उतरला. "अरे बेटा, पहले क्यों नहीं बताया," म्हणत त्यांनी पाणी दिलं. मग कॉम्प्युटरवर बसले आणि सवयीने शीर्षक टाइप केलं: 'बिबट्याच्या दहशतीत महिला जखमी!'

"सर, हे नको."

"इसमें झूठ क्या है? दहशत होती. महिला आहे. जखमी झाली."

खरंच त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते शीर्षक एकदा मोठ्याने वाचून पाहिलं. मग म्हटलं, "सर, हे वाचून लोक काय समजतील? बिबट्याने केलं. आणि केलं आपण."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. खाली दुकानात कोणीतरी कापड फाडत होतं, तो आवाज वर येत होता. "शांत बातमीवर कोणी थांबत नाही, बेटा," ते हळू म्हणाले. त्यात धमकी नव्हती. त्यांना तशी काळजीच होती. "लोग मोबाइल पे उंगली घुमाके आगे निकल जाते हैं." तरी त्यांनी ते शीर्षक खोडलं. आम्ही दोघांनी मिळून अर्धा तास एक ओळ लिहिली: 'मोह वेचणाऱ्या बाईला बिबट्या समजून दगड मारला, आमच्या बातमीने भीती वाढली.' शेवटचे चार शब्द घालायला ते तयार नव्हते. मी म्हटलं, ते मी स्वतःच्या तोंडाने वाचेन, तुम्ही फक्त ठेवा. ते उठून खिडकीशी गेले, परत आले आणि म्हणाले, "ठीक है. पर आवाज सपाट ठेव."

त्या दिवशी मी पहिल्यांदा कुठेही न थांबता बातमी वाचली.

ती फार कोणी पाहिली नाही. आईच्या बोलण्याचा तुकडा मात्र सौंदडपासून गोरेगावपर्यंत मोबाइलवरून फिरला, तोही लोकांना हसू आलं म्हणून. आठवडी बाजारात अनोळखी बाया तिला विचारायच्या, "बिबट तुमीच का?" आणि ती प्लास्टर दाखवायची. बाया पुन्हा मोहाला जाऊ लागल्या, उजाडल्यावर, घोळक्याने, मोठ्याने बोलत.

मी पुढे वर्षभर तिथेच होते. साहेब बदलले असं नाही. 'खळबळ' कमी झाली, बंद झाली नाही. पण ते कागद माझ्याकडे देताना आता विचारायचे, "देख ले, काही जास्त तर नाही झालं?" कधी मी एखादा शब्द खोडायचे, कधी तेही दमलेले असायचे आणि मीही, तेव्हा जसं असेल तसंच जायचं. नंतर मी शाळेत मराठी शिकवायला लागले.

त्या वर्षीचा उरलेला मोह बाबांनी वेचला. आईचा हात गळ्यात बांधलेला. ती झाडाखाली दगडावर बसायची आणि बाबा वाकून एकेक फूल उचलायचे. मी एका रविवारी त्यांच्यासोबत गेले. बाबा पानं, काड्या, माती सगळं टोपलीत भरत होते. आई ओरडली, "अवो, फुलं वेचा, जंगल नाही आनायचं घरी!" बाबा कंबर सरळ करून उभे राहिले, टोपलीत बघितलं आणि एक एक पान काढून टाकू लागले. खूप वेळ लागला. आम्ही दोघी बसून बघत होतो.