लॅमिनेट केलेला निकाहनामा

आमच्या ठाण्यात इंग्लंडच्या लॉर्डकीचा अर्ज आला तो दिवस मी विसरलेलो नाही. ठाणे अंमलदारानं आवक नोंद करताना विचारलं, “साहेब, हे बांधाच्या भांडणांत बसवू का?”

प्रकरण असं. जेद्दाला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर एक इंग्रज इंजिनिअर होता. आमच्या रत्नागिरीकडच्या हद्दीतल्या एका नर्सशी त्यानं कलमा पढून, गावात येऊन निकाह केला. उतारवयात निपुत्रिक भावामागे घराण्याची पदवी त्याच्याकडे आली आणि वर्षभरात तो वारला. आता हक्क मुलाचा. पण तिकडचा नियम कडक आहे. मूल जन्मलं तेव्हा आईवडिलांचं लग्न झालेलं हवं, मागाहून केलेलं चालत नाही. पदवीच्या रांगेत मुलामागे असलेल्या धाकट्या काकानं वकिलामार्फत कळवलं की, मुलाच्या दाव्याला जोडलेला निकाहनामा बनावट आहे.

गावातले निकाह नोंदवणाऱ्या जमातीच्या कारकुनाला बोलावलं आणि मूळ रजिस्टर मागितलं. “जुनं रजिस्टर पुरात गेलं, साहेब,” तो म्हणाला. “जेद्दाहून बाईंनी मोबाइलवर जुन्या निकाहनाम्याचा फोटो धाडला, त्यावरून नवा लिहून दिला.” म्हणजे कागद खरंच ताजा होता. मग अस्सल कुठे?

त्याच वर्षी हज यात्रेकरूंच्या सेवेसाठी माझी जेद्दाला नेमणूक झाली. वरिष्ठ म्हणाले, जातच आहात तर बाईंचं म्हणणं ऐकून या.

बाई सत्तरीच्या घरातल्या. सवयीप्रमाणे मी लग्नाची तारीख फिरवून फिरवून तीनदा विचारली. तिसऱ्यांदा त्यांचे डोळे भरले. “भाई, ती लॉर्डकी गेली खड्ड्यात. माझ्या पोराला लग्नाआधीचा म्हणतात, ते सोसवत नाही.”

कपाटातून त्यांनी अस्सल कागद काढला, कडक प्लास्टिकमधला. “जपायला लॅमिनेट केला. सरकारी अर्ज भरून देणारा टायपिंगवाला म्हणाला, आता यावर शिक्का बसत नाही, खलास. म्हणून गावाहून नवा मागवला.” आखातातल्या आपल्या माणसांची ही ठरलेली चूक. मी कागद उलटा केला. प्लास्टिकखाली हॉस्पिटलचा जुना शिक्का होता, तारखेसकट. निकाहनामा पाहिल्याशिवाय तिथं बाळंतपणाची फाइल उघडत नाहीत. शिक्का जन्माच्या चार महिने आधीचा होता आणि हॉस्पिटलच्या नोंदीशी जुळला.

कागदाची खातरजमा करतोय असं मी समजत होतो, पण उलटतपासणी एका बाईच्या अब्रूची चालली होती. हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं, याची लाज वाटते.

अहवाल त्यांना वाचून दाखवला तेव्हा जेद्दाजवळच्या थुवालच्या विद्यापीठात शिकवणारा मुलगा फोनवर होता. आईला पुन्हा कुणी विचारू नये म्हणून तो हक्क सोडायला निघाला होता. ‘मुलाच्या जन्मावेळी आईवडील विवाहित होते’ हे वाक्य बाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग फोन तोंडाशी धरून म्हणाल्या, “ऐकलंस ना, बाबा? आता ती पदवी घे, नाहीतर सोड.”