मधली रिंग

कारखान्यात सगळे त्याला ‘कॅप्टन’ म्हणायचे, आणि त्याला ते कौतुक वाटायचं. होता लेथवरचा टर्नर. तरुणपणी पाहिलेल्या एका अंतराळपटातल्या कॅप्टनच्या हातात मुठीएवढं दिशायंत्र होतं, एकात एक फिरणाऱ्या तीन पितळी रिंगांचं. ते हुबेहूब घडवायचं त्यानं मनावर घेतलं. कॅसेट थांबवून तो टीव्हीच्या काचेला कंपास टेकवायचा आणि पडद्यावरचा अंगठा आपल्याएवढाच धरून बाकीची मापं काढायचा.

दोन वर्षांनी यंत्र तयार झालं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं ते सगळ्यांना दाखवलं.

“याचे फोटो त्या स्टुडिओला पाठव की,” स्टोअरकीपर म्हणाला. “पत्ता मी मिळवून देतो.”

स्टोअरकीपरनं दिलेला पत्ता त्याच्याच मेहुणीचा होता.

महिन्याभरात टाइप केलेलं उत्तर आलं. खाली मूळ यंत्र घडवणाऱ्या कारागिराची सही. ‘काम उत्तम. मात्र मधली रिंग अर्धा मिलिमीटर जाड वाटते.’

त्यानं नवी रिंग कातली. पुढचं पत्र आलं, खाचा एकशे वीस नव्हेत, एकशे चव्वेचाळीस हव्यात. मग आलं, रिंगांना जोड नको, अखंड पितळेतून काढा. प्रत्येक पत्र तो लेथपाशी उभा राहून मोठ्यानं वाचायचा, आणि ज्यांनी ते रचलं तेच गंभीरपणे माना डोलवायचे.

चौथ्या वर्षी खाचा पाडताना पितळेचा कीस उजव्या डोळ्यात घुसला. बारीक खुणा दिसेनात म्हणून त्यानं डोळ्यांच्या बचावाचा कामाचा चष्मा काढून ठेवला होता. डोळा गेला. स्टोअरकीपर फळं घेऊन दवाखान्यात आला आणि खिशातून पाकीट काढून म्हणाला, “कॅप्टन, तुझं पत्र. वाचून दाखवू?”

पत्राप्रमाणे तिन्ही रिंगा पुन्हा करायच्या होत्या.

निवृत्तीच्या समारंभात फोरमननं त्या पत्रांच्या कार्बन प्रती एकेक करून वाचल्या. आधी त्याला वाटलं, कारागिरानं कारखान्यालाही कळवलंय. मग लक्षात आलं. टाइपिस्ट बाई डोळे पुसत हसत होत्या. तोही हसला. बोलायला उभं केल्यावर एवढंच म्हणाला, “मधली रिंग मात्र खरंच जाड होती. मी नंतर पडद्यावर पुन्हा मोजली.”

पुन्हा हशा पिकला.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, “अगं, ती पत्रं कारखान्यातल्यांचीच होती.”

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“दवाखान्यातच कळलं. पाकिटावर तिकीट कुठे होतं?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही त्या रिंगांत गुंतलेले असलात की माझ्या मागे कटकट नसायची. बरं चाललं होतं माझं.”

दुसऱ्या दिवशी तो यंत्र घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेला. ओळखपत्र जमा झालेलं, वॉचमननं आत सोडलं नाही. “हे स्टोअरकीपरला दे,” म्हणून त्यानं यंत्र त्याच्या हातात ठेवलं आणि परत फिरला.

स्टोअरकीपरनं ते टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलंय. नवा माणूस आला की बोटानं रिंगा फिरवून दाखवतो. म्हणतो, “बघ, कुठे अडकते का?”