कॅझच्या लग्नातल्या एकोणऐंशी खुर्च्या

माझा धाकटा भाऊ कॅझ न्यू जर्सीतल्या एका कंपनीत मोठाले संगणक सांभाळायचा. दोन शब्दांमध्ये जागा सोडणं त्याच्या जिवावर यायचं. माझ्या वाढदिवसाच्या केकवर त्यानं माझं नाव-आडनाव सलग जोडून लिहून घेतलं होतं. विचारलं तर म्हणाला, “मोकळी जागा म्हणजे संकट, स्टेशा. यंत्र नेमकं तिथंच कापतं.”

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला डोलोरेस मे फिनेगन भेटली. विधवा, शाळेच्या खाणावळीत कामाला, जिभेची तिखट. होकार देताना तिनं बजावलं, “तुझं ते यंत्र लग्नात लुडबुडलं, तर मी थेट बहिणीकडे जाईन. आणि माझं नाव नीट मोकळं लिहायचं.”

आता पाहुण्यांच्या ताटांपाशी नावांची कार्डं हवीत. कॅझचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेलेली. त्यानं गुपचूप घरच्या संगणकावर छपाईच्या हुकुमांची जुळणी केली. तिथं सगळी नावं अखंड आली. पण जाड कार्ड छापायची सोय ऑफिसात, म्हणून तीच जुळणी तिकडे चालवली, आणि कार्डांचा खोका न उघडता चर्चच्या तळघरातल्या हॉलवर, तिथली देखभाल करणाऱ्या ग्रब म्हाताऱ्याकडे दिला.

लग्नाच्या सकाळी मी कोबीत गुंडाळलेल्या खिम्याचं पातेलं घेऊन पोचले, तर आत पाय ठेवायला जागा नाही. पाहुणे चौतीस, खुर्च्या एकोणऐंशी! ग्रबनं प्रत्येक कार्डामागे एक मांडलेली. आमच्या मेरी पॅट मावशीला तीन ताटं होती: एक ‘मेरी’चं, एक ‘पॅट’चं, एक आडनावाचं.

कॅझनं एक कार्ड उचलून पाहिलं. “शेल वेगळा!”

“शंख की शिंपला?”

“अगं, आपण टाइप केलेला हुकूम यंत्राला पोचवतो ना, तो शेल. घरचा नवा शेल नाव जसंच्या तसं धरतो. ऑफिसातला जुना शेल मोकळी जागा दिसली की तुकडे करतो, आणि तुकड्यागणिक एक कार्ड छापतो. नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावली असती, तर त्यानंही हात लावला नसता.”

ग्रबनं भिंतीवरच्या अग्निशमनवाल्यांच्या पाटीकडे बोट दाखवलं. “पंच्याहत्तरची परवानगी. चार जणांना घरी पाठवा, नाहीतर कुलूप.”

“माणसं चौतीसच आहेत हो!”

“मी खुर्च्या मोजतो. माणसं हलतात.”

खुर्च्या उचलायच्या म्हटलं, तर कार्ड असलेली खुर्ची तो हलवू देईना. कॅझ रडकुंडीला आला. “डोलोरेस दहाला येणार. स्टेशा, ती जाईल गं.”

मी ग्रबला विचारलं, “खुर्च्या एकमेकींना बांधल्या तर?”

त्यानं पाटी पुन्हा वाचली. “मग तो बाक. बाक एक धरतो.”

सजावटीची पांढरी फीत होती. एकेका माणसाच्या खुर्च्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही बांधत सुटलो. कॅझ गाठ मारताना पुटपुटत होता, “अवतरणचिन्हं आधीच लावायची होती, आधीच.”

शेवटची गाठ बसते तोच डोलोरेस दारात. वधूच्या जागी तीन बांधलेल्या खुर्च्या: डोलोरेस, मे, फिनेगन.

“यंत्र?”

“यंत्र,” कॅझ म्हणाला. खोटं त्याला कधी जमलंच नाही.

तिनं तिन्ही कार्डं एकेक करून वाचली. मग एका टोकाला पर्स ठेवली, दुसऱ्या टोकाला टोपी, आणि मधे बसली.

“बहिणीकडे जायचं, तर आम्ही तिघी एका गाडीत कशा मावणार?” ती म्हणाली. “तू बस इथं शेजारी. आणि ती फीत सोडू नकोस.”